डेल्मर वीझेने निरोपाचं जेवण मागून घेतलं

डेल्मर वीझे जेवायला बसला की त्याच्या समोर बसू नये, हे आमच्या वॉल्डेक गावात शहाण्या माणसाला माहीत असतं. तो स्वतःच्या ताटाकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. तुम्ही आधी काय उचललंत, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला कधी उठलात, वाटेत कुणाला धक्का लागला का, हे सगळं तो डोक्यात टिपून ठेवतो. मग वर्षभराने पेट्रोल पंपावर कॉफी पिताना एकदम म्हणतो, "तू त्या दिवशी कोपऱ्यातला पाव घेतलास ना, तेव्हाच कळलं मला." काय कळलं ते सांगत नाही. माणूस आठवडाभर झुरतो.

तसा साधा माणूस. वय त्रेसष्ट. सकाळ-संध्याकाळ शाळेची बस चालवायची, मधल्या वेळात डुकरं सांभाळायची. पण ऑगस्ट लागला की डेल्मर बदलतो. गेली सव्वीस वर्षं तो शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू झेलणाऱ्या मुलांचा कोच आहे. मुख्य कोच या काळात पाच आले आणि पाच गेले, डेल्मर तिथेच. पगार नाही. अधूनमधून एक टोपी मिळते.

आमच्या संघात चेंडू झेलणारी मुलं तीन, त्यांच्या जागाही तीन, आणि प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा. एक जण उभा राहतो अगदी रेघेवर, टोकाला, एकटा. त्याच्या नाकासमोर दुसऱ्या संघाचा गडी उभा असतो आणि खेळ सुरू झाला की पहिला धक्का छातीत बसतो. त्याला डेल्मर 'टोकाचा' म्हणतो. दुसरा असतो दुसऱ्या बाजूला, रेघेपासून पाऊलभर मागे. त्याला जरा श्वास घ्यायला फुरसत मिळते, खेळ सुरू व्हायच्या आधी इकडून तिकडे चालत जायची मुभा असते. हा 'मागचा'. तिसरा मधे, धिप्पाड मुलांच्या गर्दीला चिकटून. त्याने फट शोधायची, फटीतून शिरायचं, चेंडू धरायचा आणि दोन्हीकडून मार खायचा. हा 'बोळातला'.

कुठल्या मुलाला कुठे उभं करायचं, यासाठी बाकीचे कोच मुलांना पळवतात, घड्याळ लावतात, उंची मोजतात. डेल्मर त्यांना जेवताना बघतो.

आमच्या लूथरन चर्चमध्ये ज्या महिन्यात पाच रविवार येतात, त्या महिन्याच्या पाचव्या रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात गावजेवण असतं. प्रत्येक घरातून एक भांडं. हॅम, चीजमधले बटाटे, भरली अंडी, आणि किसलेलं गाजर घातलेली हिरवी जेली, जी कुणी खात नाही आणि दर वेळी चार घरांतून येते. लांबलचक टेबल मधोमध मांडलेलं, चारी बाजूंनी मोकळं. डेल्मर खांबाला टेकून बसतो आणि मुलं टेबलाशी कशी जातात ते बघतो. वर्षात असे रविवार चार, फार तर पाच. जुलैचा पाचवा रविवार आला तर डेल्मरला तो देवानेच पाठवल्यासारखा वाटतो, कारण त्यानंतर आठवड्याभरात सराव सुरू होतो.

मी मायलो सेड्लाचेक. चेंडू किती पुढे सरकला ते मोजायला मैदानाच्या कडेला दहा यार्डांची साखळी धरून उभे राहणारे जे तिघे असतात, त्यांतला एक. साखळीवाल्याने कुणाची बाजू घ्यायची नसते, ओरडायचं नसतं, टाळीसुद्धा वाजवायची नसते. मी तरुणपणी डेल्मरला विचारलं होतं, माझी जागा कुठली रे? तो माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "मायलो, तू साखळी धर." मी दोन वर्षं त्याच्याशी बोललो नाही. मग साखळी धरली. चर्चमध्ये मी लोकांना बाकांवर बसवतो आणि उठवतो, तेही तसंच काम. हे सांगायचं कारण, पुढे जो घोटाळा झाला त्यात माझाही हात होता.

यंदा मुख्य कोच नवा आला. ट्रेव्हर लिंड, ओमाहाचा, जेमतेम तिशीचा. पोरगा वाईट नव्हता, पण बोलताना लॅपटॉप उघडायचा, साधं "काय, कसं काय" विचारलं तरी. त्याच्या लॅपटॉपने सांगितलं की जॅरेट ओल्टमन सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत वेगवान, तो टोकाला हवा. डेल्मर म्हणाला, "नाही. टोकाला टाय व्होबोरिल." टाय आमच्यात सगळ्यांत बुटका. टोपी घातली तर कान झाकतात. पण डेल्मरचा शब्द सव्वीस वर्षांत फारसा खाली पडला नव्हता, म्हणून लिंड गप्प बसला. उंच जॅरेट बोळात गेला. पास्टरांचा मुलगा कोल्टन, गोलमटोल आणि गरीब, तो मागे.

पहिले तीन सामने आम्ही हरलो. नुसते हरलो नाही, शोभा झाली. टाय दर वेळी रेघेवरच आडवा व्हायचा. समोरचा गडी त्याला एका हाताने ढकलायचा आणि दुसऱ्या हाताने उचलायचा. जॅरेट बोळात असा अडकायचा, जशी शिडी घेऊन कुणी न्हाणीघरात शिरावं. आणि कोल्टनकडे चेंडूच जायचा नाही.

तिसऱ्या हारीनंतर शनिवारी सकाळी लिंड पंपावर आला. आम्ही कॉफी पीत होतो. त्याने लॅपटॉप आणला नव्हता, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी गडबड आहे.

"डेल्मर, येता शुक्रवार मोकळा आहे," तो म्हणाला. "त्याच्या पुढच्या शुक्रवारी एल्क व्हॅली. तेवढा एक सामना तुमच्या जागा. नाही जमलं तर मग मी ठरवणार, आणि तुम्ही... तुम्ही बस चालवा. बस तुम्ही फार छान चालवता."

तो गेल्यावर डेल्मरने कप पुन्हा भरून घेतला. मग म्हणाला, "बस छान चालवतो म्हणे."

"चालवतोस की," मी म्हटलं.

"मायलो, तू गप्प बस." मग स्वतःच म्हणाला, "जुलैच्या जेवणात टाय सगळ्यांत आधी टेबलाशी पोचला होता रे. पळत नाही, ढकलत नाही, तरी पहिला. मी म्हटलं, केवढी धमक आहे पोरात! आणि जॅरेट शेवटी, सगळ्या गर्दीतून वाट काढत. माझं चुकलं कुठे?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पडला नसता तर बरं झालं असतं, असंही नंतर वाटलं.

"डेल्मर," मी म्हटलं, "जुलैत तळघराची फरशी बदलत होते. आठवतं? आपण वर दाराजवळच्या बोळकांडीत जेवलो. टेबल भिंतीला लावलेलं. एकेरी रांग."

"बरं मग?"

"रांगा मी सोडत होतो. पुढच्या बाकापासून."

आता लूथरन माणूस पुढच्या बाकावर बसत नाही, हे काय सांगायला हवं? आमच्याकडे बाकं मागून भरतात. पुढचे पाच बाक वर्षभर रिकामे. तिथे बसतो फक्त टाय, कारण त्याची आई ऑर्गन वाजवते आणि पोरावर नजर ठेवायला तिला तो समोर लागतो. ओल्टमन कुटुंब तीन पिढ्या अगदी शेवटच्या बाकावर. म्हणजे टाय पहिला आला तो धमक होती म्हणून नव्हे, मी त्याला आधी उठवला म्हणून. जॅरेटने गर्दीतून वाट काढली नव्हती, त्याचा नंबरच शेवटी होता.

डेल्मरने कप खाली ठेवला. "म्हणजे मी मुलं बघितलीच नाहीत," तो म्हणाला. "मी बाकं बघितली."

पुढचा पाचवा रविवार ऑक्टोबरच्या शेवटी. तोवर हंगाम संपलेला. आम्ही तसेच उठून आर्डिस क्रूसकडे गेलो. आर्डिस ब्याऐंशी वर्षांची, चर्चच्या स्वयंपाकघराच्या चाव्या तिच्या कमरेला. पास्टर बदलतात, चाव्या बदलत नाहीत. डेल्मर लहान असताना तिने त्याला रविवारच्या शाळेत बायबल शिकवलं होतं, त्यामुळे तिच्यासमोर तो अजून टोपी काढून उभा राहतो.

"मिसेस क्रूस, एक गावजेवण घालायचं होतं. पुढच्या रविवारी."

"पाचवा आहे का?"

"नाही. दुसरा."

"मग नाही."

"अगदीच कधी होत नाही का मधे?"

"होतं की. लग्नाला पन्नास वर्षं झाली तर होतं. कुणी गेलं तर होतं. निरोप असला तर होतं."

डेल्मरने विचार केला. माझ्या डोळ्यांदेखत केला, त्याची मला अजून लाज वाटते. मग म्हणाला, "हुल्डामावशींची तब्येत कशी आहे हल्ली?"

हुल्डामावशी सत्त्याण्णव वर्षांच्या. आर्डिसने चष्म्यावरून बघितलं. "काल ट्यूलिपचे कंद लावत होती, वसंतात फुलायचे. का रे?"

"सहज. बरं वाटलं ऐकून."

"डेल्मर वीझे, तुला लाज वाटते का?"

"वाटते, मिसेस क्रूस."

तो टोपी चुरगाळत उभा राहिला. मला वाटलं, आता निघू या. तेवढ्यात तो म्हणाला, "मग निरोपाचं लिहा."

"कुणाचा निरोप?"

"माझा. कोच म्हणून."

मी त्याचा दंड धरला. कारण आमच्याकडे निरोपाचं जेवण म्हणजे गंमत नव्हे. मागे पास्टर ग्रोटे निरोपाचं जेवण जेवले, बायकांनी शिवलेली गोधडी घेतली, आणि दुसरीकडचं काम फिसकटलं म्हणून आणखी अकरा महिने इथेच राहिले. त्या अकरा महिन्यांत त्यांच्या प्रवचनाला कुणी मान हलवली नाही. शेवटी गेले तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा आलं नाही.

आर्डिसलाही ते आठवलं असणार. ती म्हणाली, "जेवलास की झालं हं. मग मैदानाच्या कडेला दिसलास तर मी बोलेन."

"जेवणानंतरचा एक शुक्रवार द्या. एकच."

आर्डिसने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलं. मग ते खोडून पेनने लिहिलं. "एक दिला."

बाहेर आल्यावर मी त्याला नाही नाही ते बोललो. "एका जेवणासाठी सव्वीस वर्षांवर पाणी सोडलंस? हात दाखवून अवलक्षण!"

"टाय रोज रात्री बरगडीला बर्फ लावतो," डेल्मर म्हणाला. "मी उभा केलाय त्याला तिथे. मी."

मी त्याला घरी सोडलं.

घरी त्याने काही सांगितलं नाही. त्याच्या बायकोला, लव्हॉनला, ते दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये वाटलेल्या पत्रकात छापलेलं दिसलं. मी त्यांच्या बाकाशेजारीच उभा होतो.

"तू कुठे निघालास?" तिने प्रार्थना चालू असताना विचारलं.

"कुठे नाही. नंतर सांगतो."

"मी बरोबर येतेय का, तेवढं सांग. कपाट आवरायला घेते."

गावाने तर ठरवूनच टाकलं की डेल्मरला काहीतरी मोठा आजार झालाय. आठवडाभरात त्याच्या दारात झुकिनीचे सात केक आले. एकाने तर त्याची डुकरं कितीला देणार, असं हळूच विचारून घेतलं.

रविवारी तळघर भरलं. नवी फरशी, टेबल मधोमध, चारी बाजू मोकळ्या. डेल्मरला समोर सजवलेल्या खुर्चीवर बसवलं, कोटाला कागदी फूल. आणि इथे आणखी एक घोळ झाला, जो आम्हां कुणाच्या डोक्यात आला नव्हता: ज्याचा निरोप असतो त्याला भेटायला लोक येतात, आणि येऊन बरोबर त्याच्या समोर उभे राहतात. त्याला टेबल दिसेना. पास्टर हात हातात घेऊन म्हणत होते, "देव तुमची काळजी घेईल," आणि डेल्मर त्यांच्या पोटाच्या डावीकडून, मग उजवीकडून डोकावत होता. लोकांना वाटलं, भावना आवरत नाहीत बिचाऱ्याला.

त्याने मला डोळ्यांनी खूण केली. लोकांना हलवणं हे माझं कामच आहे. मी पास्टरांना कोपराला धरून जेलीकडे नेलं, त्यांच्या मागची दहा माणसं मागे सरकवली, आणि डेल्मरसमोर वाट मोकळी केली.

मग त्याने बघितलं. मीही बघितलं, आणि पहिल्यांदाच मला तो काय बघतो ते दिसलं.

कोल्टन, आमचा गरीब कोल्टन, त्याच्या बापाच्या प्रार्थनेतलं 'आमेन' संपायच्या आत बटाट्यांसमोर उभा होता. आर्डिसने त्याच्या बोटांवर डाव मारला. "सॉरी, मिसेस क्रूस," तो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला. तिने खांद्याने ढकललं. "सॉरी," पुन्हा म्हणाला. पाय तसूभर हलला नाही. जॅरेट रिकामी प्लेट घेऊन टेबलाभोवती एक फेरी मारून आला, हुल्डामावशींना खुर्ची दिली, त्यांच्या आणि शेजारणीच्या गप्पा ऐकल्या, आणि गरम पावांची टोपली स्वयंपाकघरातून निघाली तेव्हा ती जिथे ठेवणार तिथे आधीच जाऊन थांबला. आणि टाय! दोन जाडजूड बायका खांद्याला खांदा लावून अंड्यांसमोर उभ्या होत्या. टाय त्यांच्यामधून गेला. कसा गेला ते त्यांनाही कळलं नाही. कुणाची तरी काठी त्याच्या पायावर टेकली, त्याने ओठ चावला, पण हातातल्या तीन अंड्यांतलं एकही खाली पडलं नाही.

डेल्मर उठून आभार मानायला उभा राहिला आणि त्याला रडू फुटलं. सगळं तळघर रडलं. त्याने गोधडी घेतली, सगळ्यांशी हात मिळवला, आणि पोटभर जेवला.

सोमवारी सरावाला त्याने जागा बदलल्या. लिंडने कपाळाला हात लावला. "कोल्टन टोकाला? अहो, धक्का लागला तर तो माफी मागतो!"

"मागू दे. हलत नाही ना?"

शुक्रवारी एल्क व्हॅलीचा गडी कोल्टनच्या छातीवर आदळला आणि स्वतःच दोन पावलं मागे गेला. कोल्टन "सॉरी" म्हणाला, मी कडेलाच होतो, मला ऐकू आलं. मग त्याने पहिला चेंडू झेलला. जॅरेट आपला मागे फिरत राहायचा, आणि गडबड उडाली की मोकळ्या जागी आधीच उभा असायचा. शेवटची मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. चेंडू बोळात गेला, टाय दोन राक्षसांच्या मधून शिरला, दोघेही त्याच्यावर पडले. ढिगारा उपसला तेव्हा टाय तळाशी, मैदानाच्या शेवटच्या रेघेच्या पलीकडे, आणि चेंडू त्याच्या पोटाशी. आम्ही जिंकलो. मी टाळी वाजवली नाही. साखळी घट्ट धरली, इतकी की तळहातावर वळ उठले.

लिंड पळत आला आणि त्याने डेल्मरला मिठीच मारली. "तुम्ही कुठे जायचं नाही! मी इथे आहे तोवर या जागा तुमच्या!"

"मी जेवलोय," डेल्मर म्हणाला.

"काय?"

"निरोपाचं. जेवलोय मी."

ओमाहाच्या माणसाला ते कळेना. आर्डिसचा नियम मी त्याला सांगितला. तो तडक आर्डिसकडे गेला, ती ब्लँकेट गुंडाळून गाडीत बसत होती. "अहो, मग एक स्वागताचं जेवण घालू!" तो म्हणाला.

"स्वागताचं नव्या माणसाला असतं," आर्डिस म्हणाली. "हा जेवला, गोधडी नेली, तीन डबे भरून घरी नेले. जेवणात काही कमी होतं का, विचारा त्याला."

"काही कमी नव्हतं," डेल्मर म्हणाला. मग लिंडला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "पोरा, आता परत आलो तर मी खोटं बोलून जेवलो असं होईल. सगळ्या घरांतून भांडी आली होती. मी खराच निरोप घेतला रे. मला खूप वाईट वाटतंय, पण खराच घेतला."

पुढच्या शुक्रवारी डेल्मर मैदानाच्या बाहेरच अर्धा तास फिरत होता. सव्वीस वर्षं तो मुलांबरोबर मागच्या दाराने आत गेलेला. लोक कुठल्या फाटकातून येतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी फाटकावरच्या एल्रॉयने त्याच्याकडे तिकीट मागितलं, मग दोघेही ओशाळले. प्रेक्षकांच्या बाकांवर चढला तर लव्हॉनच्या एका बाजूला तिची मैत्रीण बार्ब, दुसऱ्या बाजूला बार्बचा थर्मास. बार्बने त्याच्याकडे बघितलं, थर्मासकडे बघितलं, आणि मोठ्या कष्टाने थर्मास मांडीवर घेतला. डेल्मर अंग चोरून बसला. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून गुडघ्यांवर ठेवले.

पुढचं मला लव्हॉनने सांगितलं, रविवारी, बाकावर बसता बसता.

खेळ सुरू झाला तरी ती मैदानाच्या कडेलाच बघत होती, जिथे लिंड एकटा उभा होता. डेल्मरने विचारलं, "तिकडे काय बघतेस? चेंडू इकडे आहे."

"सवय," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं मी खेळ कुठे बघितलाय? तुझी टोपी बघायचे. टोपी मागे सरकली की आपण जिंकतोय, पुढे ओढली की हरतोय. आता तू इथे बसलास, तर मी बघू कुठे?"

डेल्मरने टोपी काढली, पुन्हा घातली. मग नाक पुसलं, तिच्या खांद्याला खांदा लावला आणि बोट दाखवून म्हणाला, "तो रेघेवर उभा आहे ना, टोकाला? त्याच्या पायांकडे बघ."